सॉलिड-शेल सांधा आपोआप जुळत नाही

फायनाइट एलिमेंट विश्लेषणात सॉलिड एलिमेंटचा नोड तीनच हालचाली जाणतो: एक्स, वाय आणि झेड या दिशांना सरकणे. शेल एलिमेंटचा नोड या तिन्हींबरोबर तीन अक्षांभोवती फिरणेही जाणतो. सॉलिडला जाडी प्रत्यक्ष असते. त्याचा एक भाग किती फिरला हे वरच्या आणि खालच्या नोडच्या सरकण्यातल्या फरकावरून कळते, त्यामुळे फिरण्याचा वेगळा हिशेब त्याला लागत नाही. शेलमध्ये जाडी हा केवळ एक आकडा असतो आणि नोडची ओळ जाडीच्या मध्यावर असते. तिथे कोन वेगळा मोजला नाही तर पत्रा वाकल्याचे गणितच मांडता येत नाही. म्हणून जाड भाग सॉलिडने आणि पातळ पत्रा शेलने दाखवला, की त्यांच्या सीमेवर दोन वेगवेगळ्या सिद्धांतांची गाठ पडते.

विश्लेषणाच्या कामात या सीमेबद्दल एक समज घट्ट रुजलेला आहे: दोन्ही बाजूंचे नोड एक केले, मेश अखंड दिसली, सॉल्व्हर न अडखळता शेवटपर्यंत गेला, म्हणजे सांधा झाला. हा समज चुकीचा आहे. नोड एक केल्याने बल पोहोचते, बेंडिंग मोमेंट पोहोचत नाही. शेलच्या कडेवरचा मोमेंट स्वीकारणारे सॉलिडच्या त्या नोडकडे काहीच नसते, आणि ती कड बिजागरीसारखी फिरत राहते.

हाताने तपासता येईल असे उदाहरण घेता येते. 500 मिमी लांब, 100 मिमी रुंद, 10 मिमी जाड अशी पोलादी पट्टी एका टोकाला पक्की धरली आणि दुसऱ्या टोकावर 100 न्यूटन भार ठेवला. यंग मापांक 2 लाख मेगापास्कल आणि पॉसाँ गुणोत्तर सध्या शून्य धरले, तर नेहमीच्या कँटिलिव्हर सूत्राने टोक 2.5 मिमी खाली येते आणि मुळाशी स्ट्रेस 30 मेगापास्कल येतो. शिअरमुळे होणारी जादा झुकण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणजे विसरण्यासारखी. आता धरलेल्या टोकाकडचे 250 मिमी सॉलिडने आणि उरलेले 250 मिमी शेलने दाखवावेत. मधल्या रेषेवर 25,000 न्यूटन-मिमी मोमेंट पलीकडे जायला हवा. फक्त नोड एक केले असतील, तर शेलचा अर्धा भाग त्या रेषेभोवती मोकळा गळून पडतो आणि उत्तरच मिळत नाही.

इथे समजाचे समर्थक म्हणतात की असा दोष लपत नाही. मॅट्रिक्स सिंग्युलर होते आणि सॉल्व्हर थांबतो. सपाट, सुट्या पट्टीपुरते हे खरे आहे. पण खऱ्या रचना सुट्या पट्टीसारख्या क्वचितच असतात. पत्र्याच्या इतर कडा कुठेतरी धरलेल्या असतात, कुठे बरगडी असते, कुठे स्थैर्यासाठी घातलेल्या मऊ स्प्रिंग असतात. डायनॅमिक विश्लेषणात तर वस्तुमानच मॅट्रिक्सला आधार देते. अशा वेळी बिजागरी तशीच राहते, गणित सुरळीत पूर्ण होते आणि रंगीत चित्र देखणे येते.

दोष सर्वांत खोल लपतो तो गोल कवचात. जाड फ्लँजला वेल्ड केलेले नळकांडे घ्यावे: त्रिज्या 1000 मिमी, जाडी 10 मिमी, आतला दाब 1 मेगापास्कल. परिघातला स्ट्रेस 100 मेगापास्कल येतो. फ्लँज जवळजवळ अढळ मानला, आणि टोकांवरचा दाब बाजूला ठेवून फक्त फुगण्याचा विचार केला, तर फ्लँजपाशी कवच फुगूही शकत नाही आणि फिरूही शकत नाही. तिथे लांबीच्या दिशेने वाकण्याचा स्ट्रेस येतो. पोलादासाठी तो परिघातल्या स्ट्रेसच्या सुमारे 1.82 पट, म्हणजे 182 मेगापास्कल असतो, आणि तोही नेमका वेल्डपाशी. आता फ्लँज सॉलिडने, कवच शेलने दाखवले आणि वर्तुळावरचे नोड नुसते एक केले, तर काय होते? वर्तुळ ही बंद वक्र रेषा असल्यामुळे रचना कुठेही कोसळत नाही. सॉल्व्हरला तक्रारीचे कारणच उरत नाही. हरवतो तो फक्त कडेचा मोमेंट. वेल्डपाशी वाकण्याचा स्ट्रेस शून्य दिसतो, आणि त्याची कमाल किंमत फ्लँजपासून सुमारे 61 मिमी दूर, जेमतेम 58 मेगापास्कल एवढी येते. फुगण्याचे आकडे मात्र पटण्याजोगे असतात. सरकण्याचे चित्र पाहून सांधा तपासणारा विश्लेषक या मॉडेलला निर्धास्तपणे मान्यता देईल, आणि जिथे चीर पडण्याची शक्यता सर्वाधिक, तीच जागा अहवालात सर्वांत शांत दिसेल. वेल्डच्या थकव्याचे आयुष्य साधारणपणे स्ट्रेसच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. स्ट्रेस निम्मा मोजला गेला तर आयुष्य आठपट दिसते. त्यामुळे ही चूक किरकोळ म्हणून सोडून देण्याजोगी नाही.

सॉल्व्हर चुपचाप पूर्ण झाला हा पुरावाच नव्हे, हे 23 ऑगस्ट 1991 रोजी नॉर्वेत स्टाव्हँगरजवळच्या गांड्सफियोर्डमध्ये मोठी किंमत मोजून कळले. स्लाइप्नर ए या तेलमंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीत बुडवताना फुटला आणि तळाशी गेला. त्याचे विश्लेषण नास्ट्रान या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये झाले होते. काही भिंतींमधला शिअर सुमारे 47 टक्क्यांनी कमी मोजला गेला होता. तो दोष सॉलिड-शेल सांध्याचा नव्हता, भिंतींच्या जोडांपाशी वापरलेल्या ओबडधोबड मेशचा होता. पण चुकीची मेश सॉल्व्हरने बिनतक्रार स्वीकारली, आणि चुकीचा सांधाही तो तसाच स्वीकारतो.

नोड एक करणे पुरत नाही हे मान्य झाले की दुसरा उपाय पुढे येतो: शेल एक एलिमेंटभर सॉलिडच्या आत घुसवायचा, म्हणजे दोन नोडओळींच्या आधाराने मोमेंट पोहोचेल. मोमेंट पोहोचतो हे खरे, पण कसा पोहोचतो ते पाहायला हवे. वरच्या पट्टीत सॉलिड एलिमेंटची लांबी 10 मिमी असेल, तर 25,000 न्यूटन-मिमी मोमेंट एका ओळीवर 2,500 न्यूटन वर आणि दुसऱ्या ओळीवर 2,500 न्यूटन खाली अशा जोडीने जातो. टोकावरचा खरा भार फक्त 100 न्यूटन आहे. मेश बारीक करून एलिमेंट 5 मिमी केले, की ही बले 5,000 न्यूटन होतात, 2.5 मिमी केले की 10,000. मेश जितकी बारीक तितकी स्थानिक बले मोठी आणि सांधा ढिला. शेवटी बिजागरी परत हजर. बारीक मेशने उत्तर स्थिरावायला हवे, हा या पद्धतीचा पायाच इथे मोडतो. यावर उपाय म्हणून घुसवण्याची लांबी एलिमेंटच्या मापाने न ठरवता जाडीच्या मापाने, म्हणजे दोन-तीन जाडी इतकी, कायम ठेवता येते. मग बले आवाक्यात राहतात, पण त्या पट्ट्यात एकच लोखंड दोनदा मोजले जाते: ताठरपणा दुप्पट, वस्तुमान दुप्पट. रचना एकूण किती झुकते एवढेच हवे असेल तर हे चालते, आणि तेवढा बचाव मान्य करायला हरकत नाही. सांध्याजवळचा स्ट्रेस वाचायचा असेल तर चालत नाही.

पत्रा सॉलिडच्या सपाट पृष्ठावर काटकोनात उभा असेल, तेव्हा त्या पृष्ठावर शेलची कातडी चढवायची पद्धत आहे. कातडीला फिरणे कळते, म्हणून मोमेंट आधी तिच्यात जातो आणि तिच्या नोडमधून सॉलिडला मिळतो. कातडी रचनेत भर घालू नये म्हणून ती पातळ ठेवली जाते. पण वाकण्याचा ताठरपणा जाडीच्या घनावर ठरतो. जाडी दहाव्या हिश्श्यावर आणली की हा ताठरपणा हजाराव्या हिश्श्यावर येतो आणि कातडीच बिजागरी बनते. ती जाड ठेवली तर सॉलिडच्या पृष्ठावर नसलेले लोखंड येते. शिवाय खऱ्या पत्र्याचा तळ सॉलिडवर जाडीभर रुंद पट्टी व्यापतो, मॉडेलमध्ये मात्र तो एका रेषेवर उभा राहतो. रेषेवरच्या भाराखाली लवचिक पदार्थाचे विस्थापन लॉगॅरिथमने अमर्याद वाढते, हे फ्लामांने 1892 मध्येच मांडले होते. मेश जितकी बारीक, तितका सांधा खोल रुतत जातो.

यानंतर ताठ दुव्यांचा, म्हणजे नास्ट्रानच्या भाषेत आरबीई2 चा, मार्ग निवडला जातो. शेलच्या कडेचा प्रत्येक नोड जाडीतल्या सगळ्या सॉलिड नोडना अढळ दांड्याने बांधायचा. मोमेंट पूर्णपणे पोहोचतो आणि पट्टीच्या उदाहरणात 2.5 मिमी हे उत्तर मिळते. त्यावरून असा युक्तिवाद होतो की जास्त ताठ म्हणजे जास्त सुरक्षित. हा युक्तिवाद तर सर्वांत जोराने खोडायला हवा. ताठ भाग भार स्वतःकडे ओढतो, आणि शेजारच्या भागावरचा भार खोटाच हलका दिसतो. नैसर्गिक वारंवारता वर सरकते. बकलिंगचा भार खऱ्याहून मोठा येतो, आणि ती चूक सुरक्षित बाजूची नव्हे.

पॉसाँ गुणोत्तर पुन्हा 0.3 केले की ताठ दुव्यांचा दुसरा दोष दिसतो. वाकलेल्या पट्टीची ताणलेली बाजू जाडीच्या दिशेने आकसते, दाबलेली बाजू फुगते. अढळ दांडा दोन्ही अडवतो. त्यामुळे सांध्यापाशी जाडीच्या दिशेने एक खोटा स्ट्रेस उभा राहतो. तो मुख्य स्ट्रेसच्या 30 टक्क्यांच्या घरात जातो आणि कोपऱ्यांवर त्याहून वर. तापमानात तर ही गोष्ट हाताबाहेर जाते. पूर्ण कड एकाच मुख्य नोडला बांधली आणि रचना 100 अंश सेल्सिअसने तापली, तर पोलादाला दर मीटरमागे 1.2 मिमी प्रसरण हवे असते. दुव्याला स्वतःचा प्रसरणांक दिलेला नसेल तर तो ते पूर्ण रोखतो. एका दिशेचा विचार केला तरी 240 मेगापास्कल दाब तयार होतो, म्हणजे ई250 पोलादाच्या यील्ड पॉइंटच्या, 250 मेगापास्कलच्या, जवळपास. रचनेत कुठेही नसलेला हा स्ट्रेस फक्त सांध्याच्या निवडीतून आलेला असतो.

आरबीई3 हा दुवा वेगळ्या जातीचा आहे. तो सॉलिडच्या नोडना बांधत नाही. त्यांच्या हालचालींची सरासरी काढून शेलच्या नोडला देतो आणि शेलचे बल त्यांच्यात वाटतो. जाडीतली आकसण, प्रसरण मोकळे राहते. मात्र नोडना दिलेले भारांक मेशशी जुळवून घ्यावे लागतात. जाडीत नोड असमान अंतरावर असतील आणि भारांक सारखेच ठेवले, तर एकूण बल आणि मोमेंट बरोबर पोहोचतो, पण त्यांची वाटणी चुकते.

वाटणी कशी असावी याचे समाधानकारक उत्तर उपलब्ध आहे, म्हणूनच अंदाजाने बांधलेल्या सांध्यांचे समर्थन टिकत नाही. सीमेवर शेलच्या बलांनी केलेले काम आणि सॉलिडच्या स्ट्रेसने केलेले काम समान असले पाहिजे, हे ते तत्त्व. पत्र्याच्या सिद्धांतातून जाडीतली वाटणी ठाऊक असते: वाकण्याचा स्ट्रेस मध्यापासून सरळ रेषेत वाढतो, आडवा शिअर परवलयाकार असतो, मध्यावर सरासरीच्या दीडपट आणि दोन्ही पृष्ठांवर शून्य. कामांचे समीकरण मांडले की अट आपोआप निघते. शेलचे फिरणे म्हणजे सॉलिडच्या सरकण्याची मध्यापासूनच्या अंतराने भारित सरासरी, आणि शेलचे खाली-वर होणे म्हणजे परवलयाने भारित सरासरी. अट सरासरीवर असल्याने सॉलिडला जाडीत आकसायची मुभा राहते. पत्र्याच्या सिद्धांतात राइसनरने 1940 च्या दशकात सरासरी फिरण्याची व्याख्या याच पद्धतीने केली होती. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील मॅक्यून, आर्मस्ट्राँग आणि रॉबिन्सन यांनी 2000 साली वेगवेगळ्या मितींची एलिमेंट जोडण्यासाठी हीच कल्पना पद्धतशीर मांडली. त्याआधी 1980 मध्ये सुराणा यांनी एका बाजूला सॉलिडसारखे आणि दुसऱ्या बाजूला शेलसारखे वागणारे संक्रमण एलिमेंट दिले होते. मार्ग नवा नाही आणि दुर्मीळही नाही.

आजच्या सॉफ्टवेअरांत यासाठी तयार सोयी आहेत: अबॅकसमध्ये शेल-टू-सॉलिड कपलिंग, नास्ट्रानमध्ये आरएसएसकॉन, अँसिसमध्ये एमपीसी (मल्टी-पॉइंट कन्स्ट्रेंट) पद्धतीचा बॉण्डेड कॉन्टॅक्ट, एलएस-डायनामध्ये शेलच्या एका नोडला जाडीच्या रेषेवरच्या जास्तीत जास्त नऊ सॉलिड नोडशी बांधणारी आज्ञा. पण आज्ञेचे नाव सारखे वाटले तरी आतली गृहीतके वेगळी असतात. कुठे रेषा सरळच राहते, कुठे सरासरी घेतली जाते. बॉण्डेड कॉन्टॅक्ट निवडला म्हणजे प्रश्न मिटला असे मानणे हा पुन्हा तोच जुना समज आहे. काही पर्यायांत हा कॉन्टॅक्ट केवळ सरकणे बांधतो, फिरणे मोकळेच सोडतो. शेलचे मध्यपृष्ठ सॉलिडपासून अर्ध्या जाडीने दूर राहिले आणि शोधाचे अंतर त्याहून कमी असले, तर कॉन्टॅक्ट लागतच नाही. कोणती अट प्रत्यक्षात लागली हे पाहिल्याशिवाय मेनूतल्या नावावर भिस्त ठेवता येत नाही.

सांधा कुठे ठेवायचा याला सांधा कसा करायचा इतकेच महत्त्व आहे, आणि इथे लोक दोन्ही टोकांना चुकतात. शेलचा सिद्धांत जिथे खरा ठरतो तिथेच शेल सुरू व्हावा. वेल्डची टाच, भोक, जाडीतला अचानक बदल यांच्याभोवती स्ट्रेस जाडीत सरळ रेषेत नसतो, आणि तो गोंधळ ओसरल्यावरच सीमा यावी. तो किती लवकर ओसरतो हे सँ व्हेनाँच्या तत्त्वातून काढता येते: पट्टीच्या प्रतलातला स्वतःशी समतोल असलेला गोंधळ एका जाडीच्या अंतरावर सुमारे दीड टक्का उरतो, पिळाचा गोंधळ सुमारे चार टक्के, आणि दोन जाडींवर तोही अर्ध्या टक्क्याच्या खाली जातो. वेल्डच्या हॉट-स्पॉट पद्धतीत स्ट्रेस टाचेपासून 0.4 आणि 1.0 जाडी अंतरावर वाचला जातो. सांध्याचा स्वतःचा गोंधळ त्या वाचनात मिसळू नये म्हणून आणखी दोन जाडी सोडल्या, की सीमा टाचेपासून तीन जाडींवर येते. दुसरे टोक म्हणजे नळकांड्यात सीमा त्रिज्या आणि जाडीच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या पटीत, वरच्या उदाहरणात 100 मिमीच्या पटीत, दूर ढकलण्याचा आग्रह. तो अनाठायी आहे. त्या लांबीवर ओसरते ते कवचाचे वाकणे, आणि वाकणे शेल एलिमेंटला उत्तम कळते. 30 मिमी सॉलिड पुरते. 250 मिमी सॉलिड ठेवून काहीच अधिक मिळत नाही. पदार्थ जाडीत अंशतः यील्ड पॉइंट ओलांडतो तिथे किंवा थरांच्या कंपोझिटमध्ये सरळ रेषा आणि परवलय ही गृहीतके टिकत नाहीत. तिथे सीमा आणखी दूर हवी.

उरतो सर्वांत जोरकस वाटणारा आक्षेप: संगणक आता स्वस्त झाले, सगळेच सॉलिडने करा, सांध्याचा प्रश्नच उरणार नाही. लहान भागांसाठी हे खरे आहे आणि तिथे तसेच करावे. पण 10 मीटर लांब, 3 मीटर उंच, 10 मिमी जाड भिंत 50 मिमीच्या शेलने दाखवली तर 12,000 एलिमेंट लागतात. तीच भिंत जाडीत तीन थर आणि प्रतलात 10 मिमी अशा सॉलिडने दाखवली तर 9 लाख. एकाच भिंतीत 75 पट. संख्या कमी करण्यासाठी मग एकच थर, लांब एलिमेंट असा आडमार्ग धरला जातो, आणि तिथे सांध्याच्या चुकीहून मोठी चूक होते. पूर्ण इंटिग्रेशनचे आठ नोडचे साधे सॉलिड एलिमेंट लांबीला जाडीच्या पाचपट असेल, तर शिअर लॉकिंगमुळे ते वाकताना खऱ्याच्या दहापटीहून अधिक ताठ वागते. कमी केलेल्या इंटिग्रेशनचा एकच थर ठेवला तर उलट, वाकण्याला विरोधच उरत नाही. शिवाय पत्र्यांच्या डिझाइनला बहुतेक वेळा मोमेंट आणि प्रतलातली बले हवी असतात. ती शेल थेट देतो. सॉलिडमधून ती जाडीभर स्ट्रेसचे एकत्रीकरण करून काढावी लागतात. सगळे सॉलिडने करणारा ही सीमा पुसत नाही, विश्लेषणाच्या शेवटी तिचा हिशेब करतो.

सांध्याची तपासणी अवघड नाही, म्हणून ती टाळण्याला सबबही उरत नाही. मॉडेलचे सगळे आधार काढून नैसर्गिक वारंवारता काढावी. शून्य वारंवारतेचे प्रकार नेमके सहा यायला हवेत. सरळ सीमेवर सातवा आला तर बिजागरी सापडली. वर्तुळाकार सीमेवर ही चाचणी पास होऊनही दोष राहू शकतो, म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंचा मोमेंट स्वतंत्र काढून ताडून पाहावा: शेलकडून थेट, सॉलिडकडून जाडीभर एकत्रीकरण करून. पट्टीचे उदाहरण निवडलेल्या आज्ञेने सोडवावे, आधी पॉसाँ गुणोत्तर शून्य ठेवून 2.5 मिमी मिळतात का ते पाहावे, मग 0.3 करून सांध्याशेजारी जाडीच्या दिशेचा स्ट्रेस किती आणि तो किती जाडींत ओसरतो हे नोंदवावे. तापमानाचा भार असेल तर आधार मोकळे ठेवून सर्वत्र सारखे तापमान द्यावे. एकाच पदार्थाच्या रचनेत स्ट्रेस शून्य यायला हवा, आणि आला नाही तर तो सांध्यातून आला आहे. शेवटी खऱ्या मॉडेलमध्ये सीमा दोन जाडी पुढे सरकवून, आणि स्वतंत्रपणे मेश निम्मी बारीक करून, ज्या जागेचा स्ट्रेस अहवालात जाणार आहे तो पुन्हा वाचावा. दोन्ही वेळा आकडा जागच्या जागी राहिला, तरच तो अहवालात घालावा.